सतरा टनांचा फोटो

आमच्या बोरतळ गावाच्या ओढ्यावर एक पूल आहे. गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस त्याच्या मधोमध खड्डा पडला. खड्ड्यातून खालचं पाणी दिसत असे आणि त्याच्या कडेनं एका वेळी एक माणूस किंवा एक शेळी जाऊ शकत असे. दोघं समोरासमोर आले तर शेळीला आधी जाऊ द्यायची पद्धत पडली होती. या खड्ड्यामुळे लातूरची सकाळची बस बंद झाली. मोटारसायकली आणि टमटम ओढ्यातून जात होत्या, त्यामुळे गावाचं काही अडलं नाही. अडलं ते माझं.

मला लातूरच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायकाची नोकरी लागली होती. महिनाअखेरीपर्यंत रुजू व्हायचं होतं. आमच्या आबांचा, म्हणजे सुदाम पाटलांचा, माझ्या नोकरीला विरोध नव्हता; त्यांचा विरोध टमटमला होता.

"टमटमला काय येळ हाय का गीतांजली? भरली की निघती. तुझं कॉलेज ती भरायची वाट बघत बसंल का? बस सुरू होऊ दे, मग जा. मी काय न्हाई म्हणत न्हाई."

जी गोष्ट होणार नाही अशी आबांना खात्री असते, तिला ते कधीच नाही म्हणत नाहीत.

दरम्यान मी गावातच 'टॅगमित्र' म्हणून काम करत होते. त्याचं असं झालं. शासनाच्या कार्यक्रमांचे हजारो फोटो समाजमाध्यमांवर टाकले जातात, पण ते कुणी पाहत नाही, असं वरिष्ठांच्या लक्षात आलं होतं. कारण शोधण्यासाठी समिती नेमली गेली. फोटोत कोण आहे हे लिहिलेलं नसल्यामुळे खुद्द फोटोतले लोकही फोटो पाहत नाहीत, असा निष्कर्ष समितीनं काढला. सबब 'व्यक्तिओळख प्रोत्साहन अभियान' सुरू झालं. फोटोतल्या प्रत्येक चेहऱ्यावर बोट ठेवून त्याचं नाव जोडायचं, म्हणजे टॅग करायचं, आणि लोकांना तशी सवय लावायची. घोषवाक्य होतं, 'चेहरा तिथे नाव, नाव तिथे विकास'. प्रत्येक गावाला एक टॅगमित्र नेमला गेला. पात्रता बारावी आणि स्वतःचा मोबाइल. मी बी.एस्सी. होते, पण त्याबद्दल अभियानानं मला माफ केलं.

पुढे तक्रारींचे फोटोही अभियानाच्याच पानावर टाकायचे असा आदेश निघाला आणि मला आशा वाटली. मी पुलावर गेले, खड्ड्याच्या काठावर मापासाठी पट्टी ठेवली, ऊन तिरपं असताना फोटो काढला. इतका स्पष्ट खड्डा मी पुस्तकातही पाहिला नव्हता. दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं: 'उपरोक्त छायाचित्रात व्यक्ती आढळून आली नाही. टॅग निरंक. सबब तक्रार दप्तरी दाखल करण्यात येत आहे.'

मी अभियानाचे तालुका समन्वयक शिवमूर्ती साहेब यांना फोन लावला.

"सर, तक्रार खड्ड्याची आहे. खड्ड्यात माणूस नाहीये."

"तेच तर म्हणतोय ना ताई. माणूस पडलेला असता तर टॅग करता आला असता."

"माणूस पडायच्या आधी दुरुस्ती व्हावी म्हणून तर फोटो टाकला."

"भावना पोचल्या. पण सिस्टिमला चेहरा लागतो. एखादा माणूस उभा करा की जवळ. गावात माणसं आहेत ना?"

मी आबांना उभं केलं. आबांनी खड्ड्याकडे बोट दाखवलं आणि चेहरा गंभीर ठेवला. फोटो उत्तम आला. उत्तर आलं: 'एका व्यक्तीची तक्रार ही वैयक्तिक बाब आहे. सार्वजनिक कामासाठी किमान पंचवीस चेहरे आवश्यक.'

"म्हंजे आता खड्ड्याला बी जत्रा भरवायची का?" आबा म्हणाले. त्यांना ती थट्टा वाटली होती.

आमच्या सरपंच सरस्वतीबाई आहेत, आणि सरपंच म्हणून जे बोलायचं ते त्यांचे मालक भुजंगराव बोलतात. मी भुजंगरावांना सांगितलं की बुधवारी सकाळी पंचवीस लोक हवेत, फोटोसाठी. ही माझी चूक झाली. खड्ड्यासाठी म्हणाले असते तर जेमतेम पंचवीस आले असते आणि काम झालं असतं. फोटोसाठी म्हटल्यावर चौतीस आले.

माणसं लग्नाला यावीत तशी आली. इस्त्रीचे कपडे, गॉगल, दोघांच्या डोक्याला फेटे. ज्येष्ठांसाठी मंडपवाल्याच्या खुर्च्या आल्या. मग कोण कुठं बसणार, कोण कुठं उभं राहणार, हे मानाप्रमाणे ठरवण्यात तास गेला. खुर्च्या पुढं, त्यांच्या मागं भावकी, त्यांच्या मागं बचत गट. भुजंगराव मधोमध. सरस्वतीबाई त्यांच्या मागं असल्यानं फोटोत त्यांचं एक कोपर तेवढं येत होतं. सरपंचपदाचा टॅग मी त्या कोपरावर लावायचं ठरवलं.

"भुजंगकाका," मी मोबाइल खाली घेऊन म्हणाले, "खड्डा दिसेना झालाय. खुर्च्या त्याच्याच पुढं मांडल्यात."

"अगं, खड्डा कुठं पळून चाललाय का? तो हितंच हाय. माणसं अशी रोज जमत न्हाईत. काढ तू."

"पण तक्रार खड्ड्याची..."

"तक्रार बी हितंच हाय. काढ, ऊन लई व्हायलंय."

मी फोटो काढला. चौतीस चेहरे, सगळे हसरे. खड्ड्याचा मागमूसही नाही. संध्याकाळी एकेका चेहऱ्यावर नाव लावायला बसले, तेवढ्यात शेजारच्या धोंडाबाई आल्या.

"गीता, आमच्या हरिओमचं नाव घातलंस का?"

"हरिओमदादा पुण्याला आहे ना चुलती?"

"पुण्याला हाय म्हून काय झालं? हितं असता तर सगळ्याच्या आधी उभा राह्यला असता. का मुद्दाम गाळायलीस?"

हजर नसलेल्या माणसाच्या नावानं आहेर आला तर आपण परत करत नाही, त्याचं नाव पुकारतोच. मी हरिओमचा टॅग धोंडाबाईंच्या खांद्याजवळ लावला. दहा मिनिटांत ही बातमी गावभर झाली, आणि लोक आपापल्या न आलेल्या माणसांची नावं घेऊन दारात उभे राहिले. हैदराबादला गेलेले, वाघोलीला कंपनीत असलेले, सौदीतला एक. भुजंगरावांचे रेणापूरचे व्याही आणि त्यांचे चार भाऊ, कारण एकाला घातलं आणि चौघांना नाही घातलं तर पुढची लग्नं मोडली असती. जळकोटच्या मावशीचा सगळा परिवार. माहूरला दर्शनाला गेलेले आठ जण, जे रेणुकादेवीच्या पायऱ्यांवरून स्वतःचे वेगळे फोटो टाकत होते. धोंडाबाईंचे दीर दोन वर्षांमागं वारले, पण त्यांचं खातं चालू होतं आणि त्यावर अजून वाढदिवसाच्या शुभेच्छा येत होत्या. त्यांना वगळणं कुणाच्याही जिवावर आलं.

आता प्रश्न जागेचा होता. चेहरे संपले तेव्हा मी टॅग खुर्च्यांच्या पायांवर लावले, मग बाभळीवर, मग दगडांवर. व्याह्यांच्या धाकट्या भावाचा टॅग एका म्हशीवर पडला. त्यांचा रात्री फोन आला. त्यांचं म्हणणं म्हैस चांगली होती, पण मोठ्या भावाला बाभूळ मिळाली हे त्यांना खटकलं होतं. शेवटी मी राहिलेली सगळी नावं आकाशात लावली. तिथं मानपानाचा प्रश्न येत नाही आणि जागा भरपूर असते.

एकूण टॅग झाले दोनशे सत्याऐंशी.

अभियान हादरलं. जिल्ह्यात आजवर एका फोटोवर एवढे टॅग झाले नव्हते. दोनशे सत्याऐंशी लोकांना सूचना गेल्या, त्यांनी फोटो पाहिला, आवडल्याचं कळवलं, 'छान', 'एक नंबर', 'गावाचा अभिमान' असं खाली लिहिलं. खड्ड्याबद्दल एकानंही लिहिलं नाही. तो दिसतच नव्हता, त्यामुळे त्यांना दोष देता येत नाही. शिवमूर्ती साहेब स्वतः गावात आले. पूल बघायला आलेत असं वाटून मी पट्टी घेऊन धावले. पण आमच्या गावाची एक खोड आहे. सरकारी माणूस कशासाठीही आला तरी त्याचा आधी सत्कार होतो. शिवमूर्ती साहेब खड्ड्यापाशी पोचायच्या आत त्यांना फेटा बांधला गेला, अंगावर शाल पडली, हातात नारळ आला. फेटा डोळ्यांवर आल्यामुळे त्यांना खाली बघता येईना. भुजंगरावांनी त्यांना धरून सुरक्षितपणे परत आणलं.

जाताना साहेब म्हणाले, "ताई, तुमच्या फोटोतल्या चेहऱ्यांवर सिस्टिमनं ब्याण्णव टक्के समाधान मोजलंय. इतकं समाधान जिल्ह्यात कुठल्याच पुलावर नाही."

"सर, पूल मोडलाय."

"बांधकामवाले बघतील. मी फोटो त्यांच्याकडं पाठवलाय."

बांधकामवाल्यांनी खरंच पाहिला. आठवडाभरात मला उपअभियंता व्यंकटराव यांच्या कार्यालयात बोलावणं आलं. टेबलावर आमच्या फोटोची रंगीत प्रत होती आणि तिच्यावर लाल शाईत आकडेमोड केलेली होती. आकडे पाहून मला आधी बरं वाटलं. माझ्या विषयाचं कुणीतरी भेटलं, असं वाटलं.

"अभिनंदन," व्यंकटराव म्हणाले. "पुलाची भार चाचणी यशस्वी झाली."

"कुठली चाचणी?"

"ही काय. सदर पुलावर एकाच वेळी उपस्थित व्यक्ती दोनशे सत्याऐंशी. व्यक्तीमागे सरासरी साठ किलो. एकूण सतरा टन दोनशे वीस किलो. आणि इतक्या भाराखाली पुलाला तडा, खड्डा, झीज, काहीही झाल्याचं छायाचित्रात दिसत नाही. भरलेली बस धरा सोळा टन. पूल बसला योग्य आहे. दाखला तयार आहे."

गुणाकार बिनचूक होता. पदार्थविज्ञानात मला एवढी सुंदर पद्धत आणि एवढं चुकीचं उत्तर एकत्र कधी भेटलं नव्हतं.

"सर, पुलावर चौतीसच माणसं होती. दोन टन चाळीस किलो. बाकीची नावं आकाशात आहेत. बघा ना, हे व्याही ढगावर आहेत."

"म्हणजे दोनशे त्रेपन्न लोक खोटे आहेत, असं लेखी देता?"

"लोक खरे आहेत. ते तिथं नव्हते."

"ताई, टॅग म्हणजे उपस्थिती, असं अभियानाच्या मार्गदर्शक सूचनेत आहे. हा तुमचाच विभाग. टॅग कमी करा, मी भार कमी करतो. माझं काही भांडण नाही."

हे मला न्याय्य वाटलं. घरी येऊन मी एकेकाला फोन लावायला सुरुवात केली, कारण टॅग काढायला ज्याचा त्याचा होकार लागतो. पहिला फोन हरिओमला.

"दादा, त्या पुलाच्या फोटोतून तुझं नाव काढायचं होतं."

"कामून? माझं काय चुकलं?"

"काही नाही रे. तू तिथं नव्हतास एवढंच."

"नव्हतो म्हून तर घातलंय ना? हापिसात समद्यांना दाखवलाय मी. आता काढलं तर लोक म्हणतील गावानं काढून टाकलं. ते जमणार न्हाई."

जळकोटची मावशी रडली. माहूरहून परतलेल्या आठांनी प्रसाद पाठवला आणि निरोप दिला की घालताना विचारलं नाही, तर काढताना कशाला विचारता, आणि काढूही नका. रेणापूरचे व्याही म्हणाले की आमचे पाचही भाऊ निघतील, मग सोयरीक कशी टिकते ते बघू. धोंडाबाईंच्या वारलेल्या दिरांचा होकार घ्यायचा कसा, याबद्दल मार्गदर्शक सूचनांत काही नव्हतं.

भुजंगराव म्हणाले, "वजनच कमी करायचं हाय ना? मग तुझ्या घरचं कर."

तेही न्याय्य होतं. मी आबांना विचारलं. "काढ की," आबा म्हणाले, "माझं काय वजन हाय पुलावर." मी माझा टॅग काढला आणि आबांचा काढला. पूल एकशे वीस किलोंनी अशक्त झाला. सतरा टन शंभर किलो तरीही उरले. दाखला निघाला, आगाराला गेला, आणि महिनाअखेरीला तीन दिवस उरले असताना बस परत सुरू होत असल्याचं पत्र गावात आलं.

पहिल्या बसच्या स्वागताला गाव पुलाच्या अलीकडे जमलं. नारळ, हार, हलगी. मी डबा आणि पिशवी घेऊन आबांच्या शेजारी उभी होते. बस पलीकडच्या वळणावरून आली, हॉर्न देत पुलापर्यंत पोचली आणि खड्ड्याच्या चार हात आधी थांबली. ड्रायव्हर मन्मथअप्पा खाली उतरले, कमरेवर हात ठेवून खड्ड्यात बघितलं आणि पलीकडून ओरडले:

"हे काय हाय?"

"पूल!" भुजंगराव अलीकडून म्हणाले.

"आन् ह्यो मधला?"

"त्यो दाखल्यात न्हाई. सतरा टन उचलतो पूल. कागद बघा तुमच्याकडचा."

मन्मथअप्पांनी कागद बघितला. "मग असं करा, ह्यो कागद खड्ड्यावर आंथरा. त्याच्यावरनं गाडी घालतो."

"अहो, तीनशे माणसं उभी होती हितं!"

"कुठं हायेत? बोलवा, परत उभी करा."

"काही पुण्याला हायेत, काही हैदराबादला..."

"मग गाडी बी तिकडूनच आणावी लागंल."

हलगी थांबली. मी कडेच्या पट्टीवरून पलीकडे गेले.

"अप्पा, तुम्ही पूल मोडलाय असं कळवलंत तर काय होईल?"

"बस बंद व्हईल."

"आणि काहीच नाही कळवलं तर?"

"कागदावर गाडी गावापत्तुर जाती. पत्र हाय तसं." त्यांनी मागं वळून रस्त्याची रुंदी बघितली. "गाडी हितं वळवता आली तर मला काय. माझ्या वहीत गाव आलं म्हंजे आलं."

वळवायला जागा चंद्रप्पांच्या पडीक रानात होती. चंद्रप्पा गर्दीतच होते. रानातून रोज बस वळवायला त्यांनी ताबडतोब मोकळ्या मनानं परवानगी दिली. अट एकच, की पुढच्या फोटोत आपण खुर्चीवर असू.

आबा माझी पिशवी डोक्यावर घेऊन कडेकडेनं माझ्या मागं आले होते. ते बसकडे बघत राहिले, मग खड्ड्याकडे, मग परत बसकडे.

"हिला बस आली म्हणायचं का गं?"

"आली, आबा."

"हं." त्यांनी पिशवी आत सरकवली. "मग जा. मी न्हाई म्हणलो नव्हतो."

मी रुजू झाले. बस रोज खड्ड्यापर्यंत येते, चंद्रप्पांच्या रानात वळते आणि कागदावर गावात पोचते. सगळं सुरळीत चालू होतं. गेल्या आठवड्यात मात्र आगारानं कळवलं की या मार्गावर नवी, मोठी गाडी येत आहे. तिचं भरलेलं वजन अठरा टन. दाखल्याप्रमाणे पूल सतरा टन शंभर किलोंचा. फरक भरून निघाला नाही तर फेरी रद्द.

व्यंकटरावांनी फोनवर सहानुभूती दाखवली. "नऊशे किलोच कमी पडतात ताई. पंधरा माणसं. तुम्ही तर प्रशिक्षित आहात."

मी विचार केला. पूल तसाच आहे, बस त्यावरून जात नाही, कुणालाही धोका नाही, आणि माझी नोकरी आहे. चुकीचं समीकरण दोन्ही बाजूंनी सारखं चुकीचं असेल तर ते सुटतं, असं मी स्वतःला समजावलं. चौदा नावं प्रयोगशाळेतच मिळाली. प्राध्यापक, शिपाई, दोन पीएच.डी. करणारे. एकानंही फोटो कशाचा आहे हे विचारलं नाही. सगळ्यांनी विचारलं ते एवढंच, की आपण कुठं दिसतो.

पंधरावं नाव काल रात्री मी तुमचं घातलं. आकाशात, डावीकडून तिसऱ्या ढगावर, व्याह्यांच्या जवळ. विचारलं नाही, त्याबद्दल राग नसावा. तुम्हाला सूचना मिळाली असेलच. तुम्ही लगेच उघडून पाहिलं असेल, दोन बोटांनी फोटो मोठा करून स्वतःचा चेहरा शोधला असेल, तो सापडला नाही तरी आवडल्याची खूण केली असेल. खुर्च्यांच्या मागं काय आहे ते मात्र पाहिलं नसेल.

आता काढायला सांगू नका. पूल तुमच्यावर उभा आहे.